भांगाचं पाणी

नौपाड्यातल्या ग्रंथालयात मला ताशी साठ रुपये मिळतात.
त्यातला पहिला तास खोडण्याचा.

परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा,
फोन नंबर, वाण्याचा हिशेब, एखादा बदाम.
खारकरसर म्हणतात, पुस्तक पुढच्या हातात कोरं गेलं पाहिजे.
(माझ्या स्थळाच्या कागदावर मामाने हेच लिहिलं होतं,
शब्द तेवढे वेगळे: सुस्वभावी, गृहकृत्यदक्ष.)

सभासद क्रमांक आठशे चौदा.
कार्डावर नाव परशुराम नाखवा, चेंदणी कोळीवाडा.
पुस्तकं नातू घेऊन जातो, नातू आणून टाकतो.
अक्षर मात्र गॅसवर काहीतरी ठेवून आलेल्या माणसाचं,
शिरोरेखेला सवड नसलेलं.

नायिका तीन दिवस खिडकीत वाट बघत उभी,
तिथे समासात: 'पाणी कोण भरत होतं?'
नायकाला तिच्या डोळ्यांत अथांग काही दिसतं,
तिथे: 'नंबर लागला असेल. दाखवून घे.'
थोरली जाऊ चौदा माणसांचं रांधते,
लेखक ते अर्ध्या ओळीत उरकतो,
तिथे नुसती रेघ,
इतकी दाबून की मागच्या पानावर उठलेली.
आणि आई देवासारखी होती असं जिथे जिथे येतं
तिथे: 'म्हणजे जेवली नाही.'

मी खोडत गेले. रेघ जायची, वळ राहायचा.

मग ती जाडजूड कादंबरी आली, पारितोषिकवाली,
मुखपृष्ठावर पाठमोरी बाई.
(पाठमोऱ्या बायकांचं आमच्याकडे अख्खं एक कपाट आहे.)
शेवटच्या पानावर ती अष्टमीच्या मध्यरात्री
ठाण्याच्या खाडीला स्वतःला अर्पण करते.
लाटा तिला कुशीत घेतात. समाप्त.

'समाप्त'च्या खाली, सावकाश, या वेळी शिरोरेखेसकट:

'अष्टमीला भांगाचं पाणी. मध्यरात्री तर पुरती सुकती.
धक्क्यापासून पार लांबवर नुसता चिखल.
बाई गुडघाभर रुतेल, बुडणार नाही.
एक चप्पल जाईल. कालवांनी पाय कापेल.
कुशीत घ्यायला खाडीला लाटा कुठल्या?
अर्ध्या तासात थंडी वाजेल, लघवीला लागेल,
आणि ती परत येईल.
पुढचं लिहा.'

खोडरबर हातात धरून बसून राहिले.
मला एकच भांग माहीत होता,
आईने कंगव्याच्या टोकाने सरळ पाडलेला,
पुढे त्यात काय भरायचं ते आधीच ठरलेला.
पाण्यालाही भांग असतो हे कुणी बोललं नव्हतं:
ओढ कमी असण्याचे दिवस.

त्या तासाचे साठ रुपये मी फुकटचे घेतले.

शनिवारी ती स्वतः आली.
चष्म्याला दोरी, चालण्यात अजून ड्युटीची घाई.
म्हणाली, कार्डावर आता माझं नाव घाला,
मालक जाऊन नऊ वर्षं झाली.
तसे वाचत ते आधीही नव्हते.
खारकरसर म्हणाले, नवा फॉर्म, नवी अनामत.
तिने मोजून दिली. चांगुणा नाखवा.
व्यवसायाच्या रकान्यापाशी जरा थांबली, मग लिहिलं:
पूर्वी टेलिफोन ऑपरेटर, आता वाचते.

मग माझ्याकडे वळून, हळू आवाजात,
असं एखादं दे गं, ज्यात बाई शेवटी मरत नाही,
माफही करत नाही,
नुसती घरी येते.

मी शिडी लावली. 'अ'पासून सुरुवात केली.
खारकरसर घड्याळ बघतायत, ती बाकावर बसलीय,
मी 'म'पर्यंत पोचलेय आणि हातांना धूळ.

तिकडे चारशे बाराव्या पानापुढच्या
न छापलेल्या पानावर
एक बाई एकाच चपलेने कोळीवाड्याचा चढ चढतेय.
पिंढऱ्यांवर चिखल वाळून ताणला जातोय.
नळाला पाणी यायला अजून दोन तास आहेत
आणि तिला सडकून भूक लागलीय.